अनुदान आले, वीजबिलात गेले
दिव्यांगांचे मासिक अर्थसाहाय्य आणि घरची बिले यांचा मेळ कसा घालायचा? कायदा काय देतो आणि काय देत नाही, याचा आढावा

प्रतिनिधी, मुंबई

दिव्यांग व्यक्तीच्या घरात महिन्याकाठी दोन संदेश हमखास वाट पाहायला लावतात. पहिला बँकेचा, शासनाचे अर्थसाहाय्य खात्यात जमा झाल्याचा. दुसरा वीज कंपनीचा, बिलाची रक्कम आणि भरण्याची अंतिम तारीख सांगणारा. पहिला उशिरा आला तरी दुसरा वेळेवर येतो. या दोन संदेशांमधले अंतर कसे भागवायचे, हा अनेक घरांपुढचा दरमहाचा प्रश्न आहे.

राज्यात दिव्यांगांना अर्थसाहाय्य देणारी यंत्रणा एक आणि विजेचा दर ठरवणारी यंत्रणा दुसरी. एकीला दुसरीची माहिती असण्याची सोय नाही. म्हणूनच 'दिव्यांगांना वीजबिलात सवलत असते का?' या साध्या प्रश्नाचे सरळ उत्तर कुठल्याच खिडकीवर मिळत नाही. उत्तर असे आहे: महाराष्ट्रात केवळ दिव्यांग म्हणून घरगुती वीजबिलात सवलत नाही. मात्र बिल आटोक्यात ठेवण्याचे, थकबाकी हप्त्यांत फेडण्याचे आणि जोडणी तुटू न देण्याचे काही मार्ग कायद्यात व नियमांत आहेत. ते विखुरलेले आहेत, एवढेच.

एका यंत्राचा हिशेब

प्रश्नाचे गांभीर्य समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. लहानपणच्या पोलिओमुळे पाठीचा कणा वाकलेली एक व्यक्ती. कण्यामुळे फुफ्फुसांना जागा अपुरी पडते आणि वय वाढल्यावर डॉक्टर घरीच ऑक्सिजन घेण्याचा सल्ला देतात. हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे यंत्र, म्हणजे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, घरी येते. मिनिटाला ५ लिटर ऑक्सिजन देणाऱ्या साध्या यंत्राला सुमारे ३०० वॅट वीज लागते. दिवसरात्र चालवले तर रोजचे ७.२ युनिट आणि महिन्याचे २१६ युनिट होतात.

यंत्र येण्यापूर्वी या घराचा वापर ८० युनिट होता असे धरू. दोन दिवे, दोन पंखे, एक दूरचित्रवाणी संच आणि लहान शीतकपाट. यंत्रानंतर तो २९६ युनिटांवर जातो. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या १०० युनिटांसाठी वीज आकार ४.७१ रुपये आणि १०१ ते ३०० युनिटांसाठी १०.२९ रुपये होता. दोन्हींवर युनिटमागे १.१७ रुपये वहन आकार. म्हणजे पहिल्या टप्प्यातले युनिट ५.८८ रुपयांना, तर दुसऱ्या टप्प्यातले ११.४६ रुपयांना. जवळपास दुप्पट.

यंत्राच्या २१६ युनिटांपैकी केवळ २० युनिट पहिल्या टप्प्यात बसतात. उरलेल्या १९६ युनिटांवर दुसऱ्या टप्प्याचा दर लागतो. घरगुती विजेवरचे १६ टक्के वीज शुल्क धरले तर या एका यंत्रामुळे बिल महिन्याला सुमारे २,७४० रुपयांनी वाढते. स्थिर आकार आणि इंधन समायोजन आकार यात धरलेला नाही. दर त्यानंतर बदलले, पण टप्प्यांची रचना तीच आहे.

आता दुसरी बाजू. त्या वर्षी संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दरमहा मिळत होते १,५०० रुपये. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते २,५०० रुपये झाले. वाढीव अनुदान पूर्ण दिले, तरी या यंत्राचे वीजबिल त्यातून भागत नाही.

टप्पेवार दरामागचा विचार चुकीचा नाही. जो कमी वीज वापरतो तो गरीब, जो जास्त वापरतो तो सधन, असे त्याचे गृहीतक आहे. बहुतेक घरांना ते लागूही पडते. पण मीटर युनिट मोजतो, गरज मोजत नाही. वातानुकूलन यंत्राने खर्च केलेले युनिट आणि श्वासासाठी खर्च झालेले युनिट मीटरच्या लेखी सारखेच असतात. दिव्यांग व्यक्तीचे घर याच ठिकाणी अडते. हवेची गादी, कफ ओढणारे यंत्र, श्वसनाला साह्य करणारे यंत्र, बॅटरीवर चालणारी चाकाची खुर्ची ही उपकरणे चैनीची नाहीत. तरी ती घराला 'जास्त वापर' करणाऱ्यांच्या रांगेत नेऊन बसवतात.

आधी अनुदान पूर्ण मिळते का, ते पाहा

बिलाकडे वळण्यापूर्वी हातात येणारी रक्कम तपासणे आवश्यक आहे. अनेक घरांत मिळू शकणाऱ्या साहाय्याचा एखादा भाग अर्जाअभावी राहून गेलेला असतो.

राज्याची मुख्य योजना म्हणजे १९८० पासून सुरू असलेली संजय गांधी निराधार अनुदान योजना. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, राज्यात १५ वर्षांचे वास्तव्य आणि उत्पन्नाची मर्यादा या तिच्या प्रमुख अटी. इतर निराधारांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे, तर दिव्यांगांसाठी ५०,००० रुपये. ही मर्यादाही कमीच म्हणावी लागेल, कारण महिन्याला ती ४,२०० रुपयांपर्यंतही पोहोचत नाही. घरातील एकजण पूर्णवेळ कामाला लागला की कुटुंब पात्रतेबाहेर जाते. अर्ज तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखेत किंवा सेतू केंद्रात करता येतो.

दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असेल आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालील असेल, तर २००९ मध्ये सुरू झालेली केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना लागू होते. तिच्यात केंद्राचा वाटा दरमहा ३०० रुपये आहे आणि उरलेली रक्कम राज्य घालते. त्यामुळे दोन स्वतंत्र रकमा मिळतील, अशी अपेक्षा ठेवू नये. वयाच्या पासष्टीनंतर लाभार्थ्याची नोंद श्रावणबाळ योजनेकडे वळते. त्या वेळी दिव्यांगत्वाची नोंद नव्या यादीत आली आहे की नाही, हे आवर्जून विचारावे.

अनुदान आता आधारशी जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होते. खाते आधारशी जोडलेले नसणे, बोटांचे ठसे न जुळणे किंवा वार्षिक हयातीचा दाखला न पोहोचणे ही अनुदान अडकण्याची नेहमीची कारणे आहेत. दोन महिने रक्कम आली नाही, तर 'पुढच्या महिन्यात एकदम येईल' म्हणून थांबू नये. तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. वीज कंपनी अनुदानाची वाट पाहत नाही. मुदत उलटली की थकीत रकमेवर १.२५ टक्के विलंब आकार लागतो आणि पुढे व्याजही सुरू होते.

तिसरा स्रोत फारसा माहीत नसलेला आहे. राज्यातील महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा आणि ग्रामपंचायती यांनी आपल्या स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. २०१८ पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते. या निधीतून काय द्यायचे हे ती संस्था ठरवते. बृहन्मुंबई महापालिकेने २०२४ मध्ये आणलेल्या धर्मवीर आनंद दिघे दिव्यांग अर्थसाहाय्य योजनेत ४० ते ८० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांना दर सहा महिन्यांना ६,००० रुपये आणि त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना १८,००० रुपये देण्याची तरतूद केली. अशा योजनांसाठी वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, मागितले जाते. ४० ते ७९ टक्क्यांसाठी ते पिवळे, ८० टक्के व त्यापुढे निळे असते. ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत 'यंदाच्या ५ टक्के निधीतून कोणत्या बाबी मंजूर झाल्या?' हा प्रश्न माहितीच्या अधिकारातही विचारता येतो.

बिलात सवलत का नाही?

याचे कारण २००३ च्या वीज कायद्यात आहे. कलम ६२ (३) नुसार दर ठरवताना वीज नियामक आयोगाने कोणत्याही ग्राहकाला अवाजवी झुकते माप द्यायचे नाही. दरात फरक करता येतो, पण तो विजेचा एकूण वापर, भार, दाब, ठिकाण, पुरवठ्याचे स्वरूप आणि विजेचा हेतू अशा निकषांवर. ग्राहक कोण आहे, हा निकष त्यात नाही. म्हणून दरपत्रकात 'घरगुती', 'व्यापारी', 'कृषी', 'औद्योगिक' असे वर्ग दिसतात, 'दिव्यांग' असा वर्ग दिसत नाही.

गरिबांसाठी मात्र एक दार ठेवलेले आहे. २००५ च्या राष्ट्रीय वीज धोरणाने महिन्याला ३० युनिटांपर्यंत वीज वापरणाऱ्या दारिद्र्यरेषेखालील ग्राहकांना विशेष साहाय्य देण्याची भूमिका घेतली. महावितरणच्या दरपत्रकातील दारिद्र्यरेषेखालील घरगुती वर्ग त्यातूनच आलेला आहे. मंजूर भार अत्यल्प आणि मागील आर्थिक वर्षातील वापर ३६० युनिटांपर्यंत असेल, तर हा स्वस्त दर लागतो. वर्षात ३६० युनिटांची मर्यादा ओलांडली की ग्राहक सर्वसाधारण घरगुती वर्गात जातो आणि एकदा गेला की परत या वर्गात येऊ शकत नाही.

वरचे उदाहरण येथे लावून पाहा. ऑक्सिजनचे यंत्र दोन महिन्यांतच ४३२ युनिट खाते. म्हणजे डॉक्टरांनी दोन महिन्यांसाठी दिलेला ऑक्सिजन दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाचा स्वस्त दर कायमचा घालवू शकतो. घरातल्या माणसाची प्रकृती सुधारली आणि यंत्र परत गेले, तरी दर परत येत नाही.

दुसरे दार कलम ६५ चे आहे. राज्य सरकारला कोणत्याही ग्राहकाला किंवा ग्राहकवर्गाला आयोगाने ठरवलेल्या दरात सूट द्यायची असेल, तर त्या सवलतीची रक्कम सरकारने वितरण कंपनीला आगाऊ द्यायची असते. याच मार्गाने महाराष्ट्र यंत्रमागधारकांना सवलत देतो. याच मार्गाने २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांसाठी मोफत विजेची योजना आली. म्हणजे कायदा आड येत नाही. दिव्यांगांच्या घरगुती विजेसाठी हे दार राज्याने अद्याप उघडलेले नाही, इतकेच.

केरळने काय केले?

हे दार उघडता येते, याचा दाखला देशातच आहे. केरळच्या दरपत्रकात दारिद्र्यरेषेखालील ज्या कुटुंबांत कर्करुग्ण किंवा कायमस्वरूपी दिव्यांग व्यक्ती आहे, त्यांच्यासाठी महिन्याला १०० युनिटांपर्यंत युनिटमागे दीड रुपया असा दर ठेवलेला दिसतो. जोडभाराची मर्यादाही सामान्य गरीब ग्राहकापेक्षा अधिक आहे. कासारगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर वर्षानुवर्षे झालेल्या एंडोसल्फानच्या हवाई फवारणीने अनेक मुले जन्मजात व्यंगे घेऊन आली. त्या पीडित कुटुंबांना हा दर १५० युनिटांपर्यंत देण्यात आला.

त्याहून महत्त्वाची आहे जीवरक्षक उपकरणांची तरतूद. घरी ऑक्सिजन यंत्र, हवेची गादी, कफ ओढणारे यंत्र अशी उपकरणे वापरणाऱ्या रुग्णासाठी त्या उपकरणापुरती वीज तेथे मोफत मिळते. उपकरण किती वॅटचे आणि रोज किती तास चालते, यावरून अभियंता युनिट काढतो आणि तेवढे युनिट बिलातून वजा होतात. सवलत सुरुवातीला सहा महिन्यांची असते, डॉक्टरांचा दाखला दिल्यावर ती वाढवता येते.

या रचनेत सवलत घराला नाही, गरजेला आहे, हे तिचे वैशिष्ट्य. त्यामुळे उरलेल्या विजेवर नेहमीचेच बिल येते आणि गैरवापराला फारसा वाव राहत नाही. दिल्लीत २०१९ मध्ये सुरू झालेली २०० युनिट मोफत विजेची योजना याच्या उलट आहे. ती सर्वांना खुली, पण केवळ वापरावर आधारित. आपल्या उदाहरणातील २९६ युनिटांचे घर तेथेही पूर्ण मोफत विजेच्या बाहेरच राहील. परदेशात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात वैद्यकीय उपकरणे असलेल्या घरांना सर्वांत स्वस्त टप्प्याचे युनिट वाढवून देतात, तर ब्रिटनमध्ये अशा ग्राहकांची प्राधान्य नोंदवही ठेवली जाते आणि वीज बंद राहणार असेल तर त्यांना आगाऊ कळवले जाते.

आज, येथे काय करता येईल?

धोरण बदलेपर्यंत बिल थांबत नाही. म्हणून आहे त्या चौकटीत ग्राहकाने काय करावे, हे क्रमाने पाहू.

बिल वाचा. अनेक घरे बिलातील फक्त रक्कम पाहतात. ग्राहकाचा वर्ग, मंजूर भार, मागील व चालू रीडिंग आणि मीटरची स्थिती हे चार रकाने आधी पाहावेत. दिव्यांग व्यक्ती एकटी राहत असेल आणि दार उघडायला वेळ लागत असेल, तर रीडिंग घेणारा कर्मचारी परत जातो आणि बिल सरासरीने येते. अशी सरासरी बिले चार-सहा महिने येत राहिली की नंतर एकदम मोठी रक्कम अंगावर येते. महावितरणच्या मोबाइल अॅपवर ग्राहकाला स्वतः रीडिंग पाठवता येते. शक्य असल्यास ते करावे, नाहीतर सरासरी बिलाबद्दल लगेच तक्रार नोंदवावी. विजेसंबंधी तक्रारींसाठी १९१२ हा क्रमांक आहे.

अनामत रकमेचे बिल ओळखा. वर्षातून एकदा, बहुधा एप्रिल-मेच्या सुमारास, नेहमीच्या बिलासोबत अतिरिक्त सुरक्षा ठेवीचे वेगळे बिल येते. ठेव दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी असावी, असा नियम असल्याने वापर वाढलेल्या घराला हा दुसरा धक्का बसतो. ही रक्कम सहा हप्त्यांत भरता येते आणि ठेवीवर व्याजही मिळते. ही दंडाची रक्कम नव्हे, हे लक्षात ठेवावे.

थकबाकी लपवू नका, हप्ते मागा. बिल भरणे अशक्य झाले की अनेक जण कार्यालयाकडे फिरकत नाहीत. त्याऐवजी मुदत संपण्यापूर्वी उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज देऊन हप्ते मागावेत. अर्जाला दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, अनुदानाच्या नोंदी असलेल्या बँक पासबुकाची प्रत आणि घरी वैद्यकीय उपकरण असल्यास डॉक्टरांचा दाखला जोडावा. यांपैकी कोणत्याही कागदाने हप्त्यांचा हक्क आपोआप मिळत नाही. पण अधिकाऱ्याला निर्णय घेण्यासाठी आणि पुढे दाद मागताना दाखवण्यासाठी हाच पुरावा असतो. पहिला हप्ता भरून पावती जपावी. ठरलेला हप्ता चुकवला तर सवलत रद्द होते, म्हणून पेलवेल तेवढाच हप्ता कबूल करावा.

यापूर्वी जोडणी कायमची तोडली गेली असेल, तर 'अभय योजने'ची चौकशी करावी. अशा योजना मुदतीच्या असतात. २०२२ मध्ये विलासराव देशमुख अभय योजना आली, तर सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेली महावितरणची अभय योजना मुदतवाढीनंतर मार्च २०२५ मध्ये संपली. दोन्हींत मूळ थकबाकी भरल्यास व्याज व विलंब आकार माफ होता.

जोडणी तोडण्याचे नियम जाणा. वीज कायद्याच्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी किमान पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस देणे कंपनीवर बंधनकारक आहे. नोटीस न देता तोडलेली वीज बेकायदा ठरते. बिलाच्या रकमेबद्दल वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरी आकारानुसार येणारी रक्कम, यांतील जी कमी असेल ती 'हरकत नोंदवून' भरावी. तेवढी रक्कम भरली की वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. दोन वर्षांपूर्वीची एखादी रक्कम बिलात सातत्याने थकबाकी म्हणून दाखवली गेली नसेल, तर ती वसूल करता येत नाही, असेही हेच कलम सांगते. जुनी रक्कम अचानक बिलात उगवली, तर आधीची बिले काढून ताडून पाहावीत.

मंचाकडे जा. वीज कंपनीने दाद दिली नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. तेथे शुल्क नाही, वकिलाची सक्ती नाही आणि प्रतिनिधीमार्फत बाजू मांडता येते. जिना चढू न शकणाऱ्या व्यक्तीसाठी हे महत्त्वाचे आहे. वीज तोडली जाण्याची भीती असेल, तर अंतरिम आदेश मागता येतो. मंचाचा निर्णय मान्य नसेल, तर ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबई आणि नागपूर येथे आहेत. महावितरणप्रमाणेच मुंबईतील बेस्ट, अदानी आणि टाटा या कंपन्यांच्या ग्राहकांनाही ही व्यवस्था खुली आहे.

सौरऊर्जेचा विचार करा, पण छप्पर पाहून. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत १ किलोवॉटच्या छतावरील संचासाठी ३०,००० रुपयांचे अनुदान आहे. २०२५ मध्ये राज्याने दारिद्र्यरेषेखालील आणि महिन्याला १०० युनिटांपर्यंत वीज वापरणाऱ्या कुटुंबांसाठी त्यात आपली भर घालणारी योजना आणली. १ किलोवॉटचा संच महिन्याला सुमारे १२० युनिट देतो. स्वतःचे छप्पर असलेल्या घराला हा मोठा आधार ठरू शकतो. चाळीत, झोपडपट्टीत किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना मात्र त्याचा उपयोग नाही, आणि शहरांतील गरीब दिव्यांगांपैकी बरेच जण नेमके तेथेच राहतात.

गॅस आणि पाणी. उज्ज्वला योजनेतील कुटुंबांना सिलिंडरमागे ३०० रुपयांचे अनुदान आहे, परंतु जोडणी घरातील महिलेच्या नावे असावी लागते. शहरांत पाण्याचे बिल बहुधा गृहनिर्माण संस्थेच्या नावे येते. त्यामुळे एकट्या सदनिकाधारकाला सवलत मागण्याची सोय नसते. देखभाल खर्चाची थकबाकी झाली, तर तो विषय संस्थेच्या कार्यकारिणीशी बोलूनच सोडवावा लागतो.

वीज गेली तर?

बिल हा प्रश्नाचा एक भाग. दुसरा भाग वीज खंडित होण्याचा. देखभालीसाठी चार तास वीज बंद राहणार असल्याची सूचना सर्वांना सारखीच मिळते, मग घरात श्वसनयंत्र असो वा नसो. ब्रिटनसारखी प्राधान्य नोंदवही आपल्याकडे नाही. तरीही ज्यांच्या घरी असे उपकरण आहे, त्यांनी ग्राहक क्रमांक, उपकरणाचे नाव आणि डॉक्टरांचा दाखला देऊन उपविभागीय कार्यालयाला एक पत्र द्यावे आणि पोच घ्यावी. हे पत्र म्हणजे हक्क नव्हे. पण उद्या नोटिशीशिवाय वीज तोडली गेली, तर 'आम्हाला कल्पना नव्हती' असे कोणाला म्हणता येणार नाही. उपकरण पुरवणाऱ्याकडून राखीव बॅटरी किंवा लहान ऑक्सिजन सिलिंडर यांची व्यवस्था आधीच विचारून ठेवावी.

मागणी कोठे करायची?

दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम २४ नुसार दिव्यांगांना मिळणारे सामाजिक सुरक्षा साहाय्य इतरांच्या तशाच योजनांपेक्षा किमान २५ टक्के अधिक असायला हवे. अधिक आधाराची गरज असलेल्यांच्या काळजीवाहकासाठी भत्त्याचा उल्लेखही त्याच कलमात आहे. कायदा एप्रिल २०१७ मध्ये अमलात आला. तरी राज्यात संजय गांधी योजनेतील सर्व निराधारांना २०२५ पर्यंत एकच रक्कम मिळत होती. दिव्यांगांची रक्कम वेगळी झाली ती ऑक्टोबर २०२५ पासून. कायद्यातला शब्द व्यवहारात यायला आठ वर्षे गेली आणि त्यासाठी दिव्यांगांना वारंवार रस्त्यावर उतरावे लागले.

विजेच्या बाबतीत मागणी दोन ठिकाणी करता येते. पहिले ठिकाण राज्य सरकार. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला, तर दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय पुण्यात आहे. हक्क नाकारला गेल्याची तक्रार आयुक्तांकडे करता येते आणि चौकशीसाठी त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. कलम ६५ खाली जीवरक्षक उपकरणांपुरती सवलत देण्याचा निर्णय मात्र मंत्रिमंडळाचाच असेल.

दुसरे ठिकाण म्हणजे महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. वीज कंपन्यांचा दरप्रस्ताव आला की आयोग जाहीर सूचना काढतो, हरकती मागवतो आणि सुनावणी घेतो. उद्योजकांच्या संघटना तेथे आकडेवारीसह हजर असतात. कोणताही घरगुती ग्राहकही लेखी सूचना देऊ शकतो. कलम ६२ मधील 'विजेचा हेतू' या शब्दांच्या आधारे घरातील वैद्यकीय उपकरणाच्या युनिटांना पहिल्याच टप्प्याचा दर लावावा, दारिद्र्यरेषेखालील वर्गाची ३६० युनिटांची मर्यादा मोजताना ते युनिट वगळावेत, अशी मागणी आयोगापुढे मांडता येईल. आपल्या उदाहरणातील घरात एवढा एक बदल झाला, तरी वीज शुल्क धरून महिन्याला सुमारे १,२७० रुपये वाचतील. म्हणजे वाढलेल्या अनुदानाच्या निम्मे.

ते होईपर्यंत बिलाची प्रत, नोटिशीचा लिफाफा, अर्जाची पोच आणि हप्त्याची पावती एका फाइलमध्ये जपून ठेवणे, हेच घरच्यांच्या हाती आहे. १५ दिवसांची नोटीस हातात पडली की त्याच दिवशी ती फाइल उघडावी. पंधराव्या दिवसापर्यंत थांबू नये.